डोंग्याची शेपटी न कापता

प्राणहिता नदीच्या मधोमध आमचा डोंगा गोल फिरत होता. देवराव मोटरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि तरी डोंग्याचं तोंड डावीकडेच पळत होतं.

"मॅडम, हे कुठी चाललं?"

"थ्रॉटल कमी करा आधी!"

घाईघाईत त्यांनी कमी करायच्या ऐवजी वाढवलं. डोंगा डाव्या अंगाला कलला, उजव्या बाजूला बांधलेल्या मोटरचा पंखा पाण्याबाहेर आला आणि इंजिन असं किंचाळलं की काठावरचे बगळे उडाले. मी पुढे झेपावून किल स्विचची दोरी ओढली. किल स्विच म्हणजे मोटर तात्काळ बंद करणारं बटण. त्याची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला असते, माणूस पडला तर मोटर आपोआप बंद होते.

सगळं शांत झालं. काठावरून सुमनबाईंचं हसू ऐकू आलं.

"देवराव, मासे पकडाले गेलता का पिंगा घालाले?"

सुमनबाई पचारे या देवरावांच्या मोठ्या बहीण. डोंगा दोघांचा. अहेरीच्या पुढे नदीकाठी त्यांचं गाव आहे. दोघं लहानपणापासून मासेमारी करतात. डोंगा त्यांच्या वडिलांनी बांधून घेतलेला, अस्सल सागवानाचा, पुढून आणि मागून दोन्हीकडे निमुळता. तळाच्या फळ्या कुजल्या म्हणून दोघांनी तो काठावर ओढून पार उघडला होता. सिरोंच्याचे लिंगन्ना सुतार उन्हाळाभर त्याच्या फळ्या बदलत होते. त्याच सुमारास मच्छीमार संस्थेच्या योजनेतून बहीणभावांना आठ हॉर्सपॉवरची आउटबोर्ड मोटर मिळाली. आउटबोर्ड म्हणजे इंजिन आणि पंखा एकाच अंगात असलेली, नावेच्या बाहेर टांगायची मोटर. मोटर आली, पण ती टांगायची कुठे, ते कोणालाच सुचेना. म्हणून मला फोन आला.

माझं चंद्रपूरच्या एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. मेकॅनिकल डिप्लोमा झाल्यावर मी काही वर्षं राजुऱ्याकडे खाणीतले पंप सांभाळले, मग स्वतःचं काम सुरू केलं. पूर येतो तेव्हा बचाव बोटींच्या मोटरी माझ्याकडे दुरुस्तीला येतात. त्यामुळे या भागात 'बोटीवाल्या मॅडम' असं माझं नाव पडलंय. पण बचाव बोट मागून सपाट असते. त्या सपाट मागच्या फळीला ट्रान्सम म्हणतात. मोटरचे दोन स्क्रू ट्रान्समवर आवळले की काम झालं. या डोंग्याला ट्रान्समच नव्हता.

देवरावांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून सरळ होतं. "मागची शेपटी कापून टाकू. सपाट फळी मारू. मोटर बसली म्हणून समजा."

"हात लावून पाह्य शेपटीले," सुमनबाई म्हणाल्या.

"ताई, काऊन एवढी जिद्द करून राह्यली? बाबा राह्यले असते तर त्यायनंबी कापली असती."

"बाबाचं नको सांगू मले. पाणी मागून येते तवा काय करशीन, ते सांग."

यात भावनेचा भाग किती आणि हिशेबाचा किती, ते मला सांगता येणार नाही. पण मुद्दा बरोबर होता आणि मलाही तीच भीती होती. मासेमारीत डोंगा बराच वेळ प्रवाहात उभा राहतो. कधी तोंड वर असतं, कधी शेपटी. शेपटी निमुळती असेल तर पाणी दोन्ही बाजूंनी निघून जातं. सपाट फळी असली तर तेच पाणी फळीवर आपटून आत येतं. मोठ्या बोटीच्या कडा उंच असतात, तिला चालतं. या डोंग्याच्या कडा वीतभरच पाण्यावर होत्या.

म्हणून मी आधी सर्वांत स्वस्त आणि सोपा उपाय करून पाहिला. बाजूचा ब्रॅकेट. डोंग्यावर आडवा जाड पाइप, उजवीकडे बाहेर निघालेलं टोक, त्यावर लाकडी ठोकळा आणि ठोकळ्यावर मोटर. केरळपासून आसामपर्यंत छोट्या नावांवर हे दिसतं. त्याचा निकाल तुम्ही वर वाचलाच. मोटर एका बाजूला असली की धक्काही एका बाजूने बसतो. दांडा वळवून डोंगा सरळ ठेवता येतो, पण एखादा माणूस जरा वाकला की सगळं बिघडतं. आणि जाळं ओढताना माणसं वाकणारच.

काठाला लागल्यावर मी सुमनबाईंना एकच काम सांगितलं. "मोटर विसरा. तुम्ही रोज जाळं ओढता तसं ओढून दाखवा."

दोघं डोंग्यात बसले. मी काठावर उभी राहून पाहत होते. सुमनबाई डोंगा जाळ्याच्या वरच्या टोकाला नेत. तिथे खुंट्याला बांधलेली दोरी सोडत. मग डोंगा आणि जाळं दोन्ही प्रवाहाबरोबर खाली वाहत आणि देवराव वाहता वाहता जाळं आत घेत. कधी डाव्या बाजूने, कधी उजव्या. जाळं तळाखालून घसरत मागच्या टोकापर्यंत जाई आणि परत येई.

तिथेच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाजूला मोटर नको, कारण जाळं दोन्ही बाजूंनी येतं. मागे पक्की बसवलेली मोटर नको, कारण जाळं पंख्यात गुंतणार. मोटर हवी मागेच, पण जाळं ओढताना ती पाण्यातून पूर्ण बाहेर आली पाहिजे. आणि एकाचे हात जाळ्यात असताना दुसऱ्याने एका झटक्यात ती वर घेतली पाहिजे.

असे ब्रॅकेट मिळतात. त्यांना लिफ्टिंग ब्रॅकेट म्हणतात. चार लोखंडी हात आणि मध्ये स्प्रिंग असते. लिव्हर ओढली की स्प्रिंग वजन उचलते आणि मोटर सरळ उभीच्या उभी वर येते. परदेशात शिडाच्या बोटींवर छोट्या मोटरसाठी वापरतात. मी मुंबईच्या एका डीलरला फोन लावला.

"ट्रान्सम किती जाड आहे मॅडम?"

"ट्रान्समच नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"मागे टोक आहे. पुढे असतं तसंच."

"मग कापून टाका ना. सगळे कापतात."

"मालकीणबाई नाही म्हणतात. आणि मीही नाही म्हणते."

मग तो म्हणाला, "बरं, मग मोठा ब्रॅकेट घ्या. जास्त वजनाचा. सेफ राहील."

इथे बरेच जण फसतात. जास्त वजनाचा ब्रॅकेट म्हणजे जास्त कडक स्प्रिंग. हलकी मोटर त्यावर बसवली तर ती खाली राहायलाच तयार होत नाही, सारखी वर उसळते. शिवाय तो ब्रॅकेट स्वतः जड. निमुळत्या शेपटीला पाणी कमी उचल देतं, तिथे प्रत्येक किलो महाग पडतो. मी आमच्या मोटरच्या वजनाला बसणारा लहान ब्रॅकेट मागवला.

तरी मुख्य प्रश्न तसाच होता. ब्रॅकेटची पाठ सपाट, शेपटी निमुळती. मध्ये काहीतरी बनवायला हवं होतं.

आमच्या वर्कशॉपचे वेल्डर कादरभाई. मी त्यांना डोंग्याच्या टोकावर घेतलेला पुठ्ठ्याचा साचा दाखवला. त्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला.

"ये तो घोडे का जीन है, मॅडम. खोगीर बनवायचं आहे."

अगदी तेच. शेपटीवर दोन्ही बाजूंनी बसणारं लोखंडी खोगीर आणि त्याच्या मागे ब्रॅकेटसाठी सपाट प्लेट. प्लेट किती उंचीवर ठेवायची ते काढण्यासाठी मी परत गावात गेले. मोटरच्या पंख्याच्या जरा वर एक चपटी आडवी पट्टी असते. ती नावेच्या तळाच्या रेषेत किंवा जराशी खाली असावी लागते. वर राहिली तर पंखा हवा ओढतो आणि नाव जागची हलत नाही. फार खाली गेली तर अडथळा वाढतो आणि पंखा खडकाला लागतो. आमची मोटर शॉर्ट शाफ्ट, म्हणजे आखूड पायांची. आणि डोंग्याची शेपटी चांगली उंच उचललेली. म्हणजे प्लेट टोकापासून बरीच खाली आणावी लागणार होती.

डोंगा पाण्यातच होता. आम्ही त्यात बहीणभावांना बसवलं, मला बसवलं, ओल्या जाळ्याच्या आणि माशांच्या जागी वाळूची पोती ठेवली आणि मग मापं घेतली. रिकाम्या डोंग्यात घेतलेल्या मापापेक्षा चार बोटांचा फरक निघाला. तो तसाच राहिला असता तर मोटर बुडाली असती.

भोकं पाडायची वेळ आली तेव्हा लिंगन्नांनी हात मागे घेतला.

"इतका मोठा बोल्ट? शेपटीच्या लाकडात? फुटते, अम्मा."

"फक्त फळीला बोल्ट मारला तर फुटेल. आतून सागाचा जाड आधार बसवून देता का? फळीपासून पुढच्या दोन बरगड्यांपर्यंत. मग मोटरचा जोर फळीवर येणार नाही, पूर्ण डोंग्यावर वाटला जाईल."

त्यांनी लाकडांच्या ढिगातला एक नैसर्गिक वाकडा सागाचा तुकडा उचलला. "हा पाहा. ह्याचा बाक शेपटीचाच आहे. ह्याला कापायची गरज नाही, नुसता तासतो."

तो तुकडा आत असा बसला की जणू पहिल्यापासून तिथेच होता. आम्ही त्यावरून आरपार बोल्ट मारले, आत रुंद लोखंडी पट्ट्या दिल्या आणि भोकं डांबराने बंद केली. कादरभाई चंद्रपूरहून खोगीर घेऊन स्वतः आले. रंग वाळायची वाटसुद्धा नीट पाहवत नव्हती त्यांना.

पहिल्या फेरीला मी मोटरवर बसले. दांड्याला प्लॅस्टिक पाइप जोडून तो लांब केला होता, कारण मोटर शेपटीच्या मागे आणि बसायची जागा पुढे. दोरी ओढली. इंजिन सुरू झालं. गिअर टाकला. डोंगा सरळ निघाला. बाणासारखा, प्रवाहाच्या विरुद्ध! ज्या पाण्यातून वर जायला दोघांना बांबू ढोसून घाम फुटायचा, ते पाणी आमच्या दोन्ही बाजूंनी मागे पळत होतं. देवराव ओरडत होते, "अरे बाप्पा! अरे बाप्पा!" सुमनबाई हात पाण्यात बुडवून बसल्या होत्या आणि बोटांमधून उडणारं पाणी पाहत होत्या.

पूर्ण थ्रॉटलला शेपटी जरा खाली बसत होती. जाळ्याची पेटी आणि पेट्रोलची टाकी पुढे सरकवली, ते थांबलं. लिव्हर ओढली. मोटर एका झटक्यात वर. सोडली, खाली. कादरभाई काठावरून टाळ्या वाजवत होते.

आम्ही जेवायला बसलो आणि गावातल्या पोरांचे मोबाइल एकदम वाजायला लागले. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले होते. परतीचा पाऊस वर जोरात झाला होता, पाणी सोडणं भागच होतं. सूचना वेळेवर आली होती. पण नदीत सकाळी टाकलेली जाळी अजून तशीच होती. एकट्या सुमनबाईंची नाही, पाच-सहा घरांची.

"बांबूवर खाली जाता येते," देवराव म्हणाले, "पण वर येता येत नाई. एक जाळं घेतलं का डोंगा गेला खाली. दुसऱ्याले कोण येते?"

मग सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

मी नाही म्हणू शकत होते. फिटिंग नवीन होतं, देवरावांना मोटर अजून नीट येत नव्हती. पण पाणी नुकतंच गढूळ व्हायला लागलं होतं, अजून वाढलं नव्हतं. मी लाइफ जॅकेट गाडीतून काढली. मोटरची ट्रायल असली की जॅकेट मी सोबत आणतेच.

"पाणी त्या समोरच्या मोठ्या खडकाच्या टोकावर चढलं की परत. कोणाचंही जाळं राहिलं तरी परत. कबूल?"

"कबूल," सुमनबाई म्हणाल्या.

मग सुरू झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. वरच्या खुंट्यापर्यंत मोटरवर जायचं. दोरी सोडायची. मोटर बंद, लिव्हर, मोटर वर. डोंगा जाळ्याबरोबर वाहायला लागला की दोघं भराभर जाळं आत घेत. जाळं तरंगतं ठेवणारी शेवटची बाटली आत आली की सुमनबाई ओरडत, "आली!" मी मोटर खाली सोडायची, सुरू करायची आणि पुन्हा वर. पुढचं जाळं. जाळं तळाखालून जात होतं, मोटरच्या जागेवरून सरकत होतं आणि एकदाही गुंतलं नाही. काठावर पूर्ण गाव जमलं होतं. प्रत्येक जाळं आलं की ज्याचं ते, तो उड्या मारत होता. एका जाळ्यात हाताएवढी मरळ होती, ती डोंग्यात थयथयाट करत होती आणि आम्हाला तिच्याकडे पाहायला वेळ नव्हता.

शेवटचं जाळं देवरावांचं. त्यांनी ते नवीनच घेतलं होतं आणि सर्वांत खाली टाकलं होतं. पाणी खडकाच्या टोकाला भिडायला आलं होतं.

"एवढं होते, मॅडम."

गेलो. दोरी सोडली, मोटर वर घेतली, अर्धं जाळं आत आलं. आणि डोंग्याने एकदम झटका खाल्ला. वरून वाहत आलेलं एक झाड, मुळांसकट, जाळ्याच्या खालच्या टोकात अडकलं होतं. डोंग्याचं तोंड खालच्या बाजूला वळलं आणि झाड आम्हाला खडकांकडे ओढायला लागलं.

मी मोटर खाली सोडली. पहिल्याच ओढीला सुरू झाली. रिव्हर्स टाकला. रिव्हर्समध्ये मोटर स्वतःच वर उचलली जाऊ पाहते, म्हणून तिला एक लॉक असतं. ते मी आधी लावलं होतं. आता सगळा जोर उलटा होता. ब्रॅकेट शेपटीपासून मागे ओढला जात होता आणि त्याला धरून होते ते आमचे बोल्ट आणि लिंगन्नांचा तो वाकडा साग. शेपटी प्रवाहाकडे होती. पाणी तिच्यावर येत होतं, फाटत होतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जात होतं. आत आलं ते शिंतोड्यांएवढं. देवराव मागे वळून ते पाहत होते.

डोंगा थांबला. खडकांकडे जाईना. पण मागेही येईना. झाड जड होतं.

सुमनबाईंच्या हातात कोयता होता. त्यांनी भावाकडे पाहिलं. त्यांनी आपणहून काही केलं नाही.

देवराव अजून जाळं धरून होते. बोटं पांढरी पडली होती.

"काप ताई," ते म्हणाले. "काप आता."

सुमनबाईंनी जाळं कापलं. झाड जाळं घेऊन गेलं आणि डोंगा इतक्या जोरात मागे सुटला की आम्ही तिघंही आडवे झालो. मी गिअर पुढे टाकला, तोंड वर वळवलं आणि आम्ही काठाला आलो.

काठावर लोकांनी देवरावांना उचलून घेतलं. ज्यांची जाळी वाचली होती त्या घरांनी तिथेच ठरवलं की देवरावांचं जाळं सगळ्यांनी मिळून विणायचं. त्या रात्री मरळ शिजली. कादरभाई म्हणाले की असा रस्सा चंद्रपुरात मिळत नाही, आणि दोनदा वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी ब्रॅकेट पूर्ण खोलला. खोगीर जागचं हललं नव्हतं. स्प्रिंग ठीक. फक्त खालच्या दोन बोल्टच्या पट्ट्या सागात जराशा रुतल्या होत्या. रिव्हर्सचा जोर खालच्या बोल्टवर येतो, तिथे पट्टी अजून रुंद हवी होती. ती बदलली. लिंगन्नांनी त्या खुणांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "फुटलं नाही."

"नाही फुटलं," मी म्हणाले.

देवराव आता मोटर माझ्यापेक्षा चांगली चालवतात. शेपटी कापायचं त्यांनी परत काढलं नाही. उलट शेजारच्या गावातला एक जण स्वतःचा डोंगा कापायला निघाला, तर हेच त्याच्याशी भांडायला गेले.

त्यानंतर माझ्याकडे अशा बऱ्याच नावा आल्या. लोक आले की आधी विचारतात, मॅडम, ब्रॅकेट किती वजन पेलेल? मी त्यांना उलट विचारते, मोटर बंद असते तेव्हा तुम्ही नावेत काय काम करता? काहींना हा प्रश्न येडपट वाटतो. वाटू दे. त्याचं उत्तर मिळेपर्यंत मी कॅटलॉग उघडत नाही.